चवदार तळ्याचा निवाडा : एक चिकित्सा

जुनीं निवाडपत्रें आणि महजर यांचा शोध घेणारांस महाड-पोलादपूरचा मुलूख अपरिचित नाहीं. रायगड याच डोंगरांत. तानाजीचें उमरठ आणि कवींद्र परमानंदाची म्हणून दाखविली जाणारी समाधि पोलादपुराकडे. आणि महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडाकडे येणाऱ्या सावित्रीच्या खोऱ्यांत वतनदारांच्या घरचे रुमाल सोडीत आमचे कितीतरी बंधु हिंडले आहेत. परंतु या मुलखांतून निघालेला सर्वांत दूरगामी निवाडा मोडी कागदावर नाहीं व कोणाच्या रुमालांतहि नाहीं. तो इंग्रजी भाषेंत, मुंबई हायकोर्टाच्या छापील निकालसंग्रहांत आहे. नरहरि दामोदर वैद्य वगैरे विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर वगैरे या दुसऱ्या अपिलाचा हा निकाल ता. १७ मार्च १९३७ रोजीं न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनीं दिला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. खुद्द निवाड्याची मात्र कागद म्हणून चिकित्सा क्वचितच होते. ती करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

ही चिकित्सा केवळ जुन्या कागदाच्या कौतुकासाठीं नाहीं. सत्ता आपल्या मर्यादेबाहेर जाते, किंवा मर्यादेंत राहूनहि आपलें कर्तव्य करीत नाहीं, अशा वेळीं न्यायालय नागरिकाच्या हक्काचें रक्षण कितपत करतें, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जात आहे. न्यायालयाचें सामर्थ्य आणि त्याचें उणें, दोन्ही एकाच खटल्यांत इतकीं स्पष्ट दिसण्याचे प्रसंग थोडे. महाडचा खटला त्यांपैकीं एक आहे.

प्रथम हकीकत सांगूं. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत रा. सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले अगर चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य गणलेल्या वर्गास खुले असावे, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यांत सरकारनें तो आपल्या खात्यांस कळविला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें जानेवारी १९२४ मध्यें चवदार तळें खुलें करण्याचा ठराव केला. कागदोपत्रीं सर्व यथास्थित झालें. तळ्यावर मात्र तीन वर्षें कांहींच बदललें नाहीं. कारण ठराव अंमलांत आणणें हें आपलें काम आहे असें कोणा अंमलदारानें मानल्याचें दिसत नाहीं.

ता. १९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. २० तारखेस डॉ. आंबेडकर व त्यांच्यामागून परिषदेचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यावर गांवांत मारहाण झाली, आणि पंचगव्यानें तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. ता. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव मागें घेतला. तेव्हां डिसेंबरांत पुन्हा परिषद भरवून तळ्यावर जाण्याचें ठरलें.

येथून न्यायालयाचा प्रवेश होतो. ता. १२ डिसेंबर १९२७ रोजीं गांवच्या कांहीं सवर्ण गृहस्थांनीं महाडच्या दिवाणी न्यायालयांत दावा दाखल केला. तळें स्पृश्य हिंदूंच्या मालकीचें आहे आणि त्याचें पाणी वापरण्याचा हक्क अनादि वहिवाटीनें त्यांचाच आहे, असें वादींचें म्हणणें होतें. दोनच दिवसांनीं, ता. १४ रोजीं, तात्पुरता मनाई हुकूम सुटला. परिषद २५ तारखेस सुरू झाली. जिल्ह्याच्या कलेक्टरांनीं स्वतः परिषदेंत येऊन न्यायालयाचा हुकूम मोडूं नये असें सांगितलें. पुष्कळ विचारविनिमय होऊन सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक तळ्याभोंवतीं फिरून परतली आणि पाण्यास कोणींहि हात लावला नाहीं. हा मनाई हुकूम ता. २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं, ७१ दिवसांनीं, उठविण्यांत आला. म्हणजे ज्या एका आठवड्यासाठीं तो मागितला होता, तो आठवडा निघून गेल्यावर दोन महिन्यांनीं.

या ठिकाणीं आमचा पहिला आक्षेप आहे. जें सरकार स्वतःचा ठराव तीन वर्षें अंमलांत आणूं शकलें नाहीं, तेंच सरकार मनाई हुकुमाच्या अंमलासाठीं तत्परतेनें पुढें आलें. कलेक्टरांस दोष देतां येत नाहीं. न्यायालयाचा हुकूम पाळविणें हें त्यांचें कामच होतें. दोष आहे तो असा, कीं जी वहिवाट पुढें तीन न्यायालयांत हक्क म्हणून टिकली नाहीं, तिला पहिल्या दोन दिवसांत न्यायालयानें हक्काचें संरक्षण दिलें. दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत ‘आहे तसें चालूं द्यावें’ हें दिवाणी न्यायाचें जुनें सूत्र आहे. परंतु ‘आहे तसें’ याचाच अर्थ जेथें अन्याय असा आहे, तेथें हें सूत्र तटस्थ राहत नाहीं. तें एका पक्षाचें होऊन बसतें.

पुढील तारखा वाचकांनीं क्रमानें पाहाव्या. महाडच्या न्यायालयानें ता. ८ जून १९३१ रोजीं दावा काढून टाकला. ठाण्याच्या असिस्टंट जज्जांनीं ता. ३० जानेवारी १९३३ रोजीं अपील फेटाळलें. हायकोर्टानें ता. १७ मार्च १९३७ रोजीं दुसरें अपील फेटाळलें. मनाई हुकुमास दोन दिवस पुरले. अखेरच्या निवाड्यास नऊ वर्षें तीन महिने लागले.

आतां निवाड्याच्या अंतरंगाकडे वळूं. तो लिहिणारे न्या. ब्रूमफील्ड हे आमच्या वाचकांस दुसऱ्या एका प्रसंगावरून ठाऊक असतील. मार्च १९२२ मध्यें अहमदाबादेस म. गांधींस सहा वर्षांची सजा सांगणारे न्यायाधीश तेच. त्यांचा हा निकाल संशोधकांनीं मुद्दाम वाचण्यासारखा आहे, कारण पुराव्याची छाननी त्यांत अत्यंत शिस्तीनें केली आहे. तळ्याच्या मालकीचा वादींचा दावा खालच्या न्यायालयांत टिकला नाहीं. तळें म्युनिसिपालिटीच्या ताब्यांतील ठरलें. राहिला प्रश्न वहिवाटीचा. महाडच्या न्यायालयानें अस्पृश्यांस पाण्यापासून दूर ठेवण्याची दीर्घकाळची चाल शाबीत मानली होती. पण एका वर्गानें सार्वजनिक तळें वापरलें व दुसऱ्यानें वापरलें नाहीं, एवढ्यावरून वापरणाऱ्या वर्गास कायदेशीर हक्क उत्पन्न होत नाहीं, असा निर्णय दिला होता. ठाण्याच्या न्यायालयानें वहिवाट अनादि असल्याचेंच शाबीत नाहीं असें ठरविलें. हायकोर्टानें हाच दुसरा मार्ग धरिला.

वादींतर्फे अर्थातच सांगण्यांत आलें कीं, स्मरणांत आहे तेथपर्यंतची वहिवाट सिद्ध झाली म्हणजे तिच्यापूर्वींहि तीच असावी असें अनुमान करावें. देवळांतील प्रवेशाच्या खटल्यांत असें अनुमान केलेलें होतें. न्या. ब्रूमफील्ड यांनीं देऊळ आणि तळें यांतील भेद दाखविला. देवळांत कोणास घ्यावें व कोणास घेऊं नये याविषयीं आरंभापासून निर्बंध असणें संभवनीय आहे. उघड्यावरच्या मोठ्या जलाशयाची गोष्ट तशी नाहीं. तळ्याभोंवतीं सवर्णांचीं घरें उभीं राहण्यापूर्वीं त्या पाण्यावर एकट्याचा हक्क ठेवण्याचा कोणीं प्रयत्न केला असेल हेंच शंकास्पद आहे. अर्वाचीन काळच्या वहिवाटीवरून प्राचीन काळच्या वहिवाटीचें अनुमान येथें करतां येत नाहीं; आणि प्राचीन काळचा पुरावा वादींनीं दिलेला नाहीं.

आमच्या क्षेत्रांतील किती लेख या कसोटीस उतरतील, हें आम्ही स्वतःस विचारून पाहावें. पन्नास वर्षांची चाल पाहून ‘पूर्वापार’ हा शब्द लिहून टाकण्याची संवय आम्हां इतिहासलेखकांस कमी नाहीं. ‘पूर्वापार’ म्हणजे केव्हांपासून, आणि तें कशावरून, असा प्रश्न एका न्यायाधीशानें विचारला आणि एक मोठा बांध कोसळला. पुराव्याच्या शिस्तीचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तथापि निवाड्यानें जें सोडून दिलें, तेंहि तितक्याच काटेकोरपणें पाहिलें पाहिजे. वहिवाट शाबीत झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे कीं काय, आणि तळें म्युनिसिपालिटीच्या ताब्यांत असल्याचा परिणाम काय, या प्रश्नांत शिरावें लागलें असतें. आतां त्याची जरूरी उरली नाहीं, असें म्हणून हायकोर्टानें तो विषय मिटविला. निकालाचा परिणाम ‘वादींचें अपील रद्द’ एवढाच. ‘या माणसांस या पाण्यावर हक्क आहे’ हें वाक्य निवाड्यांत नाहीं. दुसऱ्यांचा अडविण्याचा हक्क शाबीत झाला नाहीं, म्हणून यांस अडवूं नये, इतकेंच त्याचें तात्पर्य आहे.

हा भेद शाब्दिक नव्हे. आमच्या वाचकांस तो एका कल्पनेनें पटेल. समजा, १९२७ सालीं सावित्रीच्या खोऱ्यांतील एखाद्या जुन्या दप्तरांत शिवकालीन किंवा पेशवाईंतील एक अस्सल महजर सांपडला असता. त्यावर तळ्याचा उल्लेख, गोताच्या साक्षी, मोर्तब, सर्व कांहीं असतें. आणि अमक्या अमक्या जातींनीं या तळ्यास शिवूं नये असा ठराव त्यांत स्पष्ट असता. मग? निवाड्यानें ज्या पायावर हक्क उभा केला, तो पायाच निसटला असता. एक माणूस पाणी पिण्यास पात्र आहे कीं नाहीं, हें एका कागदाला वाळवी लागली कीं नाहीं यावर ठरलें असतें.

जुन्या महजरांचा परिचय असलेल्यांस यांतील विसंगति अधिकच जाणवेल. गांवच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष प्रमाण मानीत. शीव कोठें आहे तें तोच चालून दाखवी. ज्याच्या शब्दावर गांवाची हद्द ठरे, त्यासच गांवच्या मध्यावरील पाण्याची हद्द होती. हक्क जर जुन्या कागदांतूनच काढावयाचा, तर कागद लिहिणारांचे हक्क त्यांत भरपूर सांपडतील आणि न लिहिणारांचे सांपडणार नाहींत.

न्यायाधीशांच्या बाजूनें सांगावयाचें तें येथें सांगितलें पाहिजे. १९३७ सालीं त्यांच्यासमोर मूलभूत हक्कांची लिखित सनद नव्हती. १९३५ च्या कायद्यांत तसें प्रकरण नव्हतें. जेवढा वाद समोर आला तेवढ्याचाच निर्णय करावा, हाहि न्यायाचा चांगला नियम आहे. शिवाय वस्तुस्थितीच्या अरुंद पायावर दिलेला निकाल पुढें उलटविणें कठीण जातें. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु यावरून निघतें तें एवढेंच, कीं उत्तम न्यायाधीशहि आपल्या हातांतील साधनाच्या पलीकडे जाऊं शकत नाहीं. साधनच बदलावें लागतें.

तें साधन बदलण्याचें काम खटल्यांतील पहिल्या प्रतिवादीच्याच वांट्यास आलें. २९ ऑगस्ट १९४७ रोजीं नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेचें १५ वें कलम चवदार तळें डोळ्यांसमोर ठेवून वाचावें. राज्याच्या पैशानें चाललेल्या अगर सर्व लोकांसाठीं राखलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या उपयोगास धर्म, जात इत्यादि केवळ कारणांवरून कोणा नागरिकास अडथळा होऊं नये, असें त्यांत आहे. १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. पण आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें १३ वें कलम होय. मूलभूत हक्कांशीं विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता रद्द, असें तें सांगतें. आणि ‘कायदा’ या शब्दांत कायद्याचें बळ असलेली रूढि व वहिवाटहि येते असें स्पष्ट करतें. वहिवाट अनादि आहे कीं नाहीं, हा प्रश्नच संपला. आतां कितीहि जुना महजर सांपडो. तो इतिहास आहे, हक्काचा आधार नव्हे. शाबितीचें ओझें पाणी पिणाराच्या खांद्यावरून अडविणाराच्या खांद्यावर गेलें. ३२ व २२६ या कलमांनीं थेट न्यायालयाकडे जाण्याचा मार्गहि मोकळा केला.

मग ओझें बदलल्यानंतर न्यायालयांनीं सत्तेस कसें आवरलें? येथें महाडच्या खटल्यांतील दोन्ही गोष्टी, निवाड्याची शिस्त आणि मधल्या काळांतील हानि, पुन्हा पुन्हा दिसतात. १९७५ च्या आणीबाणींत मुंबई हायकोर्टानें फेब्रुवारी १९७६ मध्यें मिनू मसानी यांच्या नियतकालिकावरील सेन्सॉरचे हुकूम रद्द ठरविले. हें मोठ्या धैर्याचें काम होतें. नऊ हायकोर्टांनीं स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतानें तो मार्गच बंद केला. विरुद्ध मत देणारे न्या. हंसराज खन्ना यांस डावलून जानेवारी १९७७ मध्यें दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यांत आलें, आणि त्यांनीं पद सोडलें. मराठी वाचकास येथें रामशास्त्र्यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. नारायणरावाच्या खुनाबद्दल शास्त्रीबोवांनीं राघोबादादांस देहांत प्रायश्चित्त सांगितल्याची कथा आपण पिढ्यान् पिढ्या अभिमानानें सांगतों. परंतु शास्त्रीबोवांनीं पद सोडल्यानें राघोबांचा हात अडला नाहीं. एका न्यायाधीशाचा ताठ कणा ही समाजाची शोभा आहे, संरक्षण नव्हे. १९७६ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं चुकीचा म्हणून टाकून दिला; तोंपर्यंत ४१ वर्षें लोटलीं होतीं.

अलीकडचे निकालहि असेच पाहावे. निवडणूक रोख्यांची योजना जानेवारी २०१८ मध्यें जाहीर झाली. तीस तात्पुरती स्थगिति मिळाली नाहीं; १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं ती घटनाबाह्य ठरली. निकाल निःसंदिग्ध आहे, पण मधलीं सहा वर्षें रोखे विकले जात होते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीचा निकाल २ जानेवारी २०२३ रोजीं लागला. त्या वेळीं तो कसाहि लागता, तरी रांगेंत उभा राहिलेला मनुष्य घरीं जाऊन सहा वर्षें झालीं होतीं. महाडांत मनाई हुकुमास दोन दिवस लागले होते. येथें मनाई हुकूम निघालाच नाहीं. रीति उलट, फल तेंच: मधल्या काळांत जो बलवान् त्याचेंच चालतें.

उलट पक्षीं, ५ एप्रिल २०२३ रोजींचा एक निर्णय कागदपत्रांच्या उपासकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. केरळांतील एका वृत्तवाहिनीचा परवाना सरकारनें सुरक्षिततेच्या कारणास्तव नव्यानें देण्याचें नाकारलें, आणि कारणें मोहोरबंद लिफाफ्यांत न्यायालयास दिलीं. जिच्यावर आरोप, तिला ते कागद दिसेनात. सर्वोच्च न्यायालयानें ही पद्धति अमान्य करून तो हुकूम रद्द केला. जो कागद प्रतिपक्षास पाहतां येत नाहीं तो पुरावा नव्हे, हें आम्ही संशोधनांत नेहमीं म्हणतों. न्यायालयानें तें राज्यास ऐकविलें. तसेंच १३ नोव्हेंबर २०२४ रोजीं, १५ दिवसांची नोटीस व म्हणणें मांडण्याची संधि दिल्याखेरीज कोणाचें घर पाडूं नये, आणि आरोपी म्हणून तर मुळींच पाडूं नये, असें त्याच न्यायालयानें बजाविलें. तोंपर्यंत पडलेलीं घरें मात्र या निकालानें उभीं राहत नाहींत.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा. आमच्या न्यायालयांनीं तत्त्व सांगण्यांत मोठी कामगिरी केली आहे. वेळेवर हात धरण्यांत तीं वारंवार कमी पडलीं आहेत. अखेरचा निवाडा हा इतिहासाच्या उपयोगी पडतो. मधला हुकूम हा माणसाच्या उपयोगी पडतो. म्हणून न्यायालयाची परीक्षा १७ मार्च १९३७ या तारखेवरून जितकी करावी, तितकीच १४ डिसेंबर १९२७ या तारखेवरूनहि केली पाहिजे.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. या खटल्याचे कांहीं कागद महाराष्ट्र शासनानें प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर ग्रंथमालेच्या १७ व्या खंडांत आले आहेत. पण महाड-पोलादपूरच्या घराघरांतून त्या काळचीं पत्रें, वकिलांचीं टिपणें, म्युनिसिपालिटीच्या ठरावांच्या नकला अजून असूं शकतील. जातीच्या निर्बंधांचे जुने कागदहि असतील, आणि पूर्वजांस कमीपणा येईल म्हणून कोणी ते बाहेर काढीत नसतील. तसें करण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. १९३७ पर्यंत अशा कागदानें कोणाचें तरी पाणी तुटलें असतें. १९५० नंतर त्यानें कोणाचेंहि तुटत नाहीं. तो निर्धास्तपणें उलगडावा, त्याची अस्सल नक्कल करावी आणि प्रसिद्ध करावा. जुना कागद खरा वाचण्याची ही मोकळीक आम्हांस तळ्यावर गेलेल्या लोकांनींच मिळवून दिली आहे, याचें स्मरण ठेवावें.